तांबडीला टाच कळत नाही

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, घोडेस्वारी शाळेचे विश्वस्त, पालक, विद्यार्थी, तबेल्यातले माझे सहकारी, आणि ज्यांच्या निरोपासाठी आज हे सभागृह भरलं आहे ते आमचे मास्तर,

मला भाषणाची सवय नाही. माझं बोलणं घोड्यांशी, आणि घोडा निदान मध्येच उठून चहाला जात नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

मास्तरांच्या हाताखाली मी शिकले आणि त्यांच्याच शेजारी शिकवू लागले. त्यांचं कौतुक करायचं तर आमच्या तांबडीबद्दल बोलावं लागेल. ही कोवळी घोडी इथे आली तेव्हा स्वतःच्या सावलीलाही बुजायची. मास्तरांनी तिला जमिनीवर आडव्या ठेवलेल्या दांड्यांवरून चालवलं, मग दुडकीतून कँटरच्या संथ दौडीत आणलं, मग एकामागून एक अडथळे ओलांडायला शिकवलं. त्यांचा पाय हलताना दिसायचा नाही. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनीच गेल्या वर्षी म्हटलं होतं की स्वार असावा तर असा. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पण पाय का हलत नव्हता? मास्तर, तुमची परवानगी मी घेतलेली आहे, म्हणून सांगते. पायांतली ताकद जात होती. टाच लागतच नव्हती. घरीसुद्धा त्यांनी हे कळू दिलं नाही. टाचेचं काम ते तोंडाने करायचे. अडथळ्यापाशी हळूच म्हणायचे, "चल गं." तांबडी तेवढंच शिकली.

स्पर्धेत तिच्यावर मास्तरांची लेक बसली. पहिल्या अडथळ्यापाशी तिने टाच दिली. तांबडी जागच्या जागी थांबली आणि कान वळवून कुंपणापाशी उभ्या असलेल्या मास्तरांकडे बघत राहिली. लेक तिच्या मानेवरून पुढे फेकली गेली. आज ती पहिल्या रांगेत हात गळ्यात बांधून बसली आहे. त्या दिवशी लोक म्हणाले, पोरगी पडली आणि बाप कुंपण सोडून हलला नाही. अहो, त्यांना धावताच येत नव्हतं. हे आम्हाला तेव्हा कळलं, आणि फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

विश्वस्तांनी मुदत दिली आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. हंगाम संपेपर्यंत तांबडी दुसऱ्या स्वाराच्या टाचेवर उडी मारू लागली नाही, तर ती विकली जाईल. तिला पुन्हा दांड्यांपासून शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. आता अडचण अशी, की मास्तर रोज सकाळी काठी टेकत कुंपणापाशी येतात. घोडी अडली की त्यांना राहवत नाही. तोंडून शब्द निघतोच. ती सुंदर उडी मारते, आणि माझी सगळी मेहनत पाण्यात जाते. दोघंही इतके खूश दिसतात की मला रागावताही येत नाही.

परवा मीच धीर करून विषय काढला. ते म्हणाले, "हे मला एकट्याला सांगू नकोस. सांगितलंस तरी मी उद्या परत येईन. चारचौघांत सांग, म्हणजे मला मोडता येणार नाही."

निरोपाच्या दिवशी जाणाऱ्याला म्हणायचं असतं, येत जा, शाळा तुमचीच आहे. मास्तर, शाळा तुमचीच आहे. पण उद्यापासून मैदानावर येऊ नका. तांबडी वाट बघेल. बघू दे. कुणीही त्यांना बोलावू नये, गाडीतून आणू नये, लांबून दाखवतो म्हणूनसुद्धा नाही. तिला त्यांचा आवाज विसरायचा आहे.

तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. मास्तर, तुम्हीही घ्या.