कासिमचाचांचं टोलाचं घड्याळ

समुद्रकाठच्या दिघीला माझ्या हातून एका म्हाताऱ्याचा रोजा मोडता मोडता वाचला, ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. तेव्हा मी पुण्याच्या एका व्यापाऱ्यासाठी जुन्या घड्याळांची किंमत ठरवत फिरायचो.

कासिमचाचांना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी भिंतीवरचं घड्याळ विकायचं होतं. मोतीबिंदूमुळे त्यांना वेळ कळायची ती टोलांवरूनच. मी यंत्र उघडून पाहिलं. सगळं उत्तम, फक्त माझ्या खिशातल्या घड्याळापेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे. कुणाला न विचारता मी काटे पुढे केले आणि टिपणं लिहीत बसलो.

सहाचे टोल पडले; त्या दिवसांत चाचांचा रोजा सुटायचा तो याच टोलांवर. चाचांनी दुआ पुटपुटत खजूर उचलला.

"अहो, थांबा!" चाची आतून धावत आल्या. "ऊन अजून माडांवर हाय!"

चाचांचा हात तोंडाशी थांबला. "मग सहा कसे वाजले?"

"मीच काटे पुढे केले," मी म्हणालो. "घड्याळ मागे होतं."

"मागं न्हाय हो," चाचा शांतपणे म्हणाले. "आमच्याकडं अजून मुंबईचा जुना टाइम चालतो. तुमचा रेल्वेचा असंल, त्यो एकोणचाळीस मिनिटं पुढं."

शरमेने माझी मान वर होईना. दिवस बुडाल्यावर चाचींनी हाक दिली, तेव्हा चाचांनी रोजा सोडला आणि एक खजूर माझ्याही हातावर ठेवला.

"किंमत काय लावलीत?"

"दीडशे रुपये."

"घेऊन जा," चाचा हसले. "डोळे बरे होईपर्यंत वेळ मी हिलाच विचारीन."