मापाचा माणूस

(भरदुपार. पट्टे आणि पाकिटं घाऊक विकणाऱ्या धाकट्या भावाचं अरुंद दुकान. त्याची बायको गठ्ठे बांधतेय. थोरला भाऊ मोठी पिशवी घेऊन आलाय.)

धाकटा : अरे, दारात काय परक्यासारखा उभा राहतोस, दादा? ये ना आत. अगं, ते पट्टे उचल, बसू दे त्याला.

थोरला : बसायला वेळ नाही. काम घेऊन आलोय.

धाकटा : कळलं मला कसलं काम. तीन वर्षं तोंड दाखवलं नाहीस, पण चिमीचं लग्न काकाशिवाय कसं होणार? पत्रिका आणलीस ना?

थोरला : जॅकेट आणलंय.

धाकटा : माझ्यासाठी?

थोरला : नमुना आहे. थंडीच्या मालाचा. जरा घालून दाखव.

बायको : म्हणजे खुंटी हवीय तुम्हाला.

थोरला : मी तुझ्याशी बोलत नाहीये.

बायको : शब्द तुमचाच आहे, भावोजी. वाटणीच्या दिवशी भर दुकानात म्हणालात, याचा उपयोग काय, नुसती जॅकेटं टांगायची खुंटी.

धाकटा : जाऊ दे गं. तेव्हा लागलं होतं मनाला, नाही असं नाही. पण दादा, झालंय काय?

थोरला : माल परत येतोय. गिऱ्हाईक म्हणतं, बगलेत धरतो, हात वर होत नाही. तू गेल्यापासून नमुना पुतळ्यावर चढवतो आम्ही.

धाकटा : पुतळा कुठला हात वर करणार! एखादा माणूस बघायचा की.

थोरला : बघितले. पण आपला मीडियम मापाचा साचा कापलाय तुझ्या अंगावरून. त्याच्यावरूनच लहान काढायचा, मोठा काढायचा. दुसऱ्याच्या अंगावर कुठे चुकलंय ते कळत नाही रे. या खेपेला माल परत आला तर दुकानाला कुलूप.

बायको : लागू दे की.

धाकटा : तू गप्प बस. आण इकडे, दादा. हं... कातडं पातळ घेतलंस.

थोरला : जाड परवडत नाही आता. हात वर कर. अंग तसंच राहिलंय तुझं.

धाकटा : खातंय कोण मेलं! हे बघ, धरतंय इथे, काखेच्या मागे. अर्धं बोट सोड.

थोरला : थांब, खडूची खूण करतो.

धाकटा : मी असा उभा असलो की चिमी खालून जॅकेटात शिरायची, आठवतं? एका जॅकेटात दोन डोकी. आणि तू बोंबलायचास, नमुना ताणतोय म्हणून.

थोरला : हं.

धाकटा : तिला पर्स ठेवलीय बाजूला. कोकराचं कातडं, अगदी लोणी. चांगला भाव येत होता, दिली नाही. तारीख काय धरलीय?

थोरला : दुसरा हात वर कर.

बायको : सांगा की, भावोजी.

थोरला : काय सांगू?

बायको : मी नाही सांगितलं यांना. समोरच्या दुकानातल्या बाईनं फोटो दाखवले, ते बघून मीच गिळून बसले. हे रोज ती पर्स काढतात, पुसतात, ठेवतात. कुठल्या तोंडानं सांगू? तुमचं पाप आहे, तुम्हीच बोला.

धाकटा : कसले फोटो?

थोरला : हे बघ, मुलाकडची माणसं मोठी आहेत. तू आला असतास, वाटणीचा विषय निघाला असता, शब्दाला शब्द वाढला असता...

धाकटा : दादा, लग्न कधी आहे?

थोरला : झालं. गेल्या महिन्यात.

धाकटा : चिमीनं विचारलं नाही, काका कुठाय म्हणून?

थोरला : विचारलं.

धाकटा : मग?

थोरला : बोलावलं होतं, तोच आला नाही, म्हणालो.

बायको : काढा ते! आधी काढा अंगावरून!

थोरला : हललास ना. रेघ वाकडी गेली.

धाकटा : पूस. पुन्हा ओढ. मी उभा आहे.