पालथा वाडगा

— नाही नाही, बसा हो कारभारी, वाऱ्यात कुठं उभे राहता — सकाळपासून नुसता कोरडा वारा सुटलाय, आभाळ घासून ठेवल्यासारखं निळं, आणि धूळ मात्र दाराच्या फटीतून थेट माझ्या खळीच्या वाटीत. आज कोरायच्या फळीवर कागद चिकटवायची सोय नाही. पण तुम्ही कुठं माझ्यासाठी आलात — तुम्हाला माझी लेक नुई पाहिजे. नव्या वर्षाला छापून वाटायचं चित्र पाहिजे, मागच्या सालासारखं, होय ना? आहे ती आत, शिवत बसलीय. पण आधी माझं ऐका, मग तिला हाक मारीन. मारीन म्हणजे — बघू.

हे मागच्या सालचं. घ्या की हातात, तुमच्याच घरचं आहे. बांबूच्या नळीत त्सुबाकीचं एकच लाल फूल, शेजारी किटली, पळी, चहाची घुसळणी, आणि हा पालथा वाडगा. खाली नाव कोणाचं? वाचा तुम्हीच, मला कुठं येतंय — मी अक्षरं कोरतो, तीही उलटी, वाचत नाही. पण हे नाव ठाऊक आहे मला — तुमच्या धाकट्या मालकांचं.

या पालथ्या वाडग्यावर म्हणे पाहुणे अर्धा दिवस बोलत होते. तुमचे चहाचे थोरले गुरुजी तर डोळे मिटून बसले — काय हा विचार, म्हणाले, ज्याला काही घ्यायचंच उरलं नाही असं मन! हसू येतं हो. वाडगा पालथा का? अहो, धुऊन वाळत घातलाय! तुमच्या चहाच्या खोलीमागं माझ्या पोरीनं वर्षानुवर्षं भांडी विसळली, खोलीत पाऊल टाकू दिलं नाही कुणी — तिला दिसला तसा काढला. घुसळणीही पाहा, निथळत उभी आहे. धाकट्या मालकांना एवढंही कळलं नाही — खाली आपलं नाव टाकलं नि मोकळे झाले.

आणि मूळ चित्र? ते कुठून दाखवू? आमची ठसे कोरायची रीतच अशी — चित्र फळीवर उपडं चिकटवायचं आणि त्याच्याच रेघांवरून कोरत जायचं. कागदाचा भुगा होतो. तोही माझ्याच हातून. फळ्या तुम्ही नेल्यात, तासून कोऱ्या केल्यात. उद्या पोर ओरडून म्हणाली, माझं आहे — तर तिच्या हातची एक रेघ नाही कुठं.

तेव्हापासून कुंचला धरला नाही तिनं. म्हणजे — धरते. मी बाहेर गेलो की धरते. परत आलो की शाईचा वास येतो घरात. मी विचारत नाही, ती सांगत नाही. दोन माणसांचं घर, आणि बोलायचं कुणी?

तर नाही. नाही म्हणजे नाही. धाकट्या मालकांना म्हणावं, स्वतः काढा, आणि वाडगा सुलटा ठेवा या खेपेला! — हसता काय गालातल्या गालात? आणि उठायची घाईही दिसत नाही तुम्हाला. बरं, तिच्याच तोंडून ऐका. नुई! अगं नुई, बाहेर ये, सांग यांना — नुई! — तू का गं शेजारून ओ देतेस, ओकाने? तू आपल्या छत्र्या चिकटव, मी माझ्या लेकीला —

“तोकुबेइबाबा, किती हाका माराल? नुई मघाशीच मागच्या गल्लीतून गेली, या कारभाऱ्यांच्याच पालखीत बसून. कुंचले घेतलेत बरोबर. जाताना म्हणाली, काकी, बाबांना पोटभर बोलू दे, मग सांग.”