टोकदार लहरीची खोटी जोडी

सेर्वा बोआडूनं माझ्या आलेखावर बोट ठेवलं आणि “ही जोडी खोटी आहे” म्हणाली, त्या दुपारी माझं सगळंच बदललं. पण आधी रीत पाळतो. सभेचे अध्यक्ष प्रोफेसर अग्येकुम, मंचावरचे मान्यवर, पुढच्या रांगेतल्या सेर्वाच्या आई मॅडम अफ्रियी आणि तळलेल्या केळ्यांच्या वासानं चुळबुळणाऱ्या कुमासीकरांनो, कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या या ओबिरीचा सर्वांना नमस्कार!

सेर्वा उद्या पुढच्या संशोधनासाठी केप टाउनला निघतेय, म्हणून ही निरोपाची सभा. मॅडम, तुमची लेक इथं इस्पितळात काय करायची, ठाऊक आहे? झोपलेल्या रुग्णाच्या डोक्याला तारा लावून आम्ही मेंदूच्या लहरी टिपतो. एक लहर मोठी, संथ. दुसऱ्या बारीक, चपळ. संथ लहर माथ्यावर आली की बारकींना जोर चढतो का? चढत असेल तर त्यांची जोडी आहे. ती किती घट्ट, ते मोजायचं.

फेफऱ्याच्या रुग्णांत मला ही जोडी इतकी घट्ट सापडली, की प्रोफेसरांनी सगळ्यांना थंड पेय पाजलं. आठवतं ना, सर? सेर्वानं बाटली बाजूला सारून मूळ लहर उघडली.

“ओबिरी, ही गोल आहे का?”

“टोकदार आहे. मग?”

“मग ते टोक संगणकाच्या गाळणीतून काढलंस की बारीक लहरींचा भास होणारच. दुसरी कुणी नाहीच तिथं. एकटीच आहे बिचारी, आणि तू तिचं लग्न लावून मोकळा!”

मी टेबलावर मूठ आपटली. नर्स आंटी मान्सा दारातून खेकसल्या, “मेल्या, पेशंट झोपलाय!”

सेर्वा म्हणाली, “ओरडून जोडी जुळत नसते. चल, पुन्हा मोजू.”

गोल लहरींचे तुकडे तेवढे ठेवून पुन्हा मोजलं. हाती आलं ते लहान, पण खरं. त्याच्याच बळावर ती चाललीय. अशी माणसं रोज भेटतात का हो?

आंटी, घड्याळ दाखवू नका, आलोच मुद्द्यावर. मॅडम, माझं तुमच्या सेर्वावर प्रेम आहे.

थांबा, टाळ्या नकोत! काकांना दारूच्या बाटल्या देऊन मागणी घालायला तुमचं दार ठोठावायला पाठवायचं, ही आपली रीत मी मोडणार नाही. पण त्याआधी तिचं मन कळायला हवं. दोन लहरी एकदम हलल्या, की आम्ही बघतो, तिसरंच कुणी दोघींना हलवत नाही ना? आज ते तिसरं कोण? तुम्ही सगळे, टाळ्या पिटायला टपलेले!

म्हणून सेर्वा, उत्तर इथं नको. माझ्या तोंडाकडे बघून तर नकोच. कॉलेजात मी पुन्हा नाव घातलंय. तू हो म्हण, नाही म्हण, ते शिक्षण पुरं होणारच.

अध्यक्षांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. जीभ तिखट आहे, कुणाला झोंबली असेल तर पोटात घाला. आंटी, हा माईक धरा. मी बाहेर चाललोय. माझ्यामागे कुणी येऊ नका, तिला कुणी कोपरानं ढोसू नका. यायचं असेल तर ती येईल.

दार लावून घेतो.