हू लावलेली माणसं

— नाही नाही, हात खाली घेऊ नका, असेच राहू द्या, लांब... हां. छाती मोजून झाली होती ना? झाली होती. किती आली होती? बघा, बोलण्याच्या नादात विसरलो, पुन्हा घेऊ. आणि श्वास रोखू नका हो! सगळे पुरुष या आरशासमोर उभे राहिले की पोट आत घेतात, मग कोट घरी नेल्यावर बटण लागत नाही म्हणून माझ्या नावानं खडे फोडतात. साधा श्वास घ्या. अडतीस. तर मी काय म्हणत होतो — तुम्हाला कुणी पाठवलं ते मी विचारत नाही. मला काय करायचंय? कोट शिवायचाय, शिवू. पण तुम्ही राहता पुलापलीकडं, तुमच्या गल्लीत तीन शिंपी, त्यातला एक तर माझ्याच हाताखाली शिकलेला, आणि तुम्ही दोन बस बदलून इथं येणार, का? तर कोटासाठी! माझे केस काय उन्हानं पांढरे झालेत? राहू द्या, राहू द्या, लाजू नका, मान वाकडी झाली की कॉलर चुकते.

ते बघा, तिकडं खुंटीला. एक करडा, एक निळा. दोन्ही अर्धवट. करडा बँकेतल्या एका गृहस्थाचा. तुमच्यासारखाच आला होता, तुमच्यासारखाच इथं उभा होता, मी तासभर गप्पा मारल्या — आता गप्पाच हो, दुसरं काय — आमच्या मुलीला लहानपणी कशाकशाची भीती वाटायची, रागावली की दारं कशी आपटते, सकाळी नऊच्या आत हाक मारली तर काय काय ऐकावं लागतं... हसला बिचारा. ट्रायलला फिरकला नाही. निळा गुरांच्या डॉक्टरचा. चांगला होता मुलगा. त्याला म्हटलं, तुम्हाला रात्री-अपरात्री बोलावणी येत असतील — येत असणारच. मग घरी बायकोनं काय भिंतींशी बोलायचं — भिंतींशीच बोलावं लागणार. म्हणजे तुमचं लग्न टिकणं कठीण. असं आपलं सहज म्हटलं. तोही गेला. त्यानंतर मुलगी माझ्याशी अकरा दिवस बोलली नाही. दोनच माणसं घरात, त्यातलं एक बोलत नाही, म्हणजे कल्पना करा. आणि आज सकाळी निघताना म्हणते, बाबा, दुपारी एक जण येईल, त्याचं माप घ्या. फक्त माप. हाही पळाला तर मी चौथा आणणार नाही. दार आपटलं नाही हो तिनं, हळू लावलं. तेव्हा मला जरा धसकाच बसला.

म्हणून मी तुमच्याशी काही बोलणार नाहीये. खांदा... साडेसतरा. डावा जरा उतरलाय, बॅग डाव्या खांद्यावर टांगता वाटतं? टांगतच असाल. तर बोलणार नाही, फक्त ते हू चं सांगतो, तेवढं ऐका, ते इंग्रजी आहे, त्यानं कुणी पळत नाही. मुलगी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, माहीतच असेल तुम्हाला. मी तिला आणायला जातो, लवकर पोचतो, मागच्या बाकावर बसतो. लवकर म्हणजे वर्ग सुरू व्हायच्या आधीच पोचतो. तिथं दोन नर्सबाई आहेत, एक ड्रायव्हर, एक खानावळीची मालकीण, आणि मी. तिनं शिकवलं की इंग्रजीत माणसाचं वर्णन करायचं तर आधी माणूस उभा करायचा, त्याला हू लावायचं, आणि मग त्याचं काय असेल ते काढायचं. आपल्यात उलटं, आपण आधी सगळं काढतो आणि शेवटी म्हणतो, असा तो माणूस. हू म्हणजे माणसाला लावलेला खिसा, हो, त्यात वाटेल ते कोंबा, माणूस तक्रार करत नाही! नर्सबाई म्हणाल्या, द डॉक्टर हू नेव्हर लुक्स अप — मान वर न करणारा डॉक्टर. ड्रायव्हर म्हणाला, माझा मालक, हू स्लीप्स अँड सेज आय ॲम नॉट स्लीपिंग. खानावळीच्या बाईंनी नवऱ्याला असं काही हू लावलं की त्या स्वतःच हसून हसून बेजार. आणि मी? मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंवर केलं: द वूमन हू वॉटर्स हर प्लँट्स अँड माय कस्टमर्स. स्वतःच्या कुंड्यांना आणि माझ्या गिऱ्हाइकांना पाणी घालणारी बाई! लाल पेनानं बरोबरची खूण मिळाली मला. दाखवतो नंतर, वही इथंच आहे. बाही... साडेचोवीस. कोपर वाकवा जरा. पुरे.

मग एकदा तिनंच फळ्यावर लिहिलं आणि म्हणाली, ओळखा कोण. अ मॅन हू आस्क्स अ क्वेश्चन अँड आन्सर्स इट हिमसेल्फ. प्रश्नही आपणच विचारायचा, उत्तरही आपणच द्यायचं, असा माणूस. तर सगळा वर्ग वळून मागच्या बाकाकडं बघतोय! मी पण मागं वळून बघितलं, म्हटलं माझ्यामागं कोण बसलंय, तर भिंत. आता हे खरं आहे का, तुम्हीच सांगा, मी असा आहे का? छे, मुळीच नाही. मुलांना बापाची थट्टा करायला आवडतं, झालं.

— का हो, आत्ता काय झालं हसायला? कुंड्या? ते मघाशी सांगितलं की, आत्ता हसताय? नाही, हसा, हसा, चांगलं आहे. मला जरा... थांबा, टेप कुठं ठेवला? गळ्यातच आहे. तुम्ही आत्ता हसलात म्हणून मला एक सांगावंच लागतंय, खरं तर सांगणार नव्हतो.

झालं असं की कापडाला कात्री लावायच्या आधी मी कागद बेततो. प्रत्येक गिऱ्हाइकाचा कागदी नमुना, त्या तिकडं तारेला लटकवलेले आहेत ना, ते. कागद विकत कशाला आणायचा, मुलीच्या वापरलेल्या वह्यांची पानं खळीनं चिकटवतो. महिन्यापूर्वी पोस्टमास्तरांच्या कोटाची कॉलर बेतली, कात्री चालवली, आणि वाचलं, तर तिच्या अक्षरात: आय वॉन्ट टू मॅरी अ मॅन हू. पुढं कात्री. पुढचं सगळं कापलं गेलं! म्हणजे मुलीला कसा नवरा हवा ते देवानं माझ्या हातात दिलं आणि मी त्याचे तुकडे केले. दुसऱ्याचं वाचू नये, कळतं मला. पण बापाचं मन आहे. दोन दिवस दुकान बंद ठेवलं — म्हणजे पाटी फिरवून ठेवली, आत मी होतोच — आणि पोस्टमास्तरांची कॉलर, खिसा, बाही, सगळी जमिनीवर मांडून जुळवत बसलो. एका तुकड्यावर, हू आयर्न्स हिज ओन. दुसऱ्यावर, शर्ट्स. तुमच्या शर्टाची इस्त्री तुमचीच आहे ना? आहेच, बाहीवर दोन घड्या पडल्यात, धोबी असं करणार नाही. मग होतं, हू लाफ्स आफ्टर अ मिनिट. तेव्हा मला हे कळलंच नव्हतं, म्हटलं मिनिटभरानं हसणारा नवरा कुणाला हवा असतो? आणि एक, हू कॅन स्टँड स्टिल. बघा बरं, पाऊण तास झाला, करड्यानं दहाव्या मिनिटाला घड्याळ बघितलं होतं.

आता तुम्ही-आम्ही पुरे झालं बाबा, तू माझ्या मुलीच्या वयाचा. शेवटचा तुकडा सापडायलाच दीड दिवस गेला. माय फादर, हू — एवढंच होतं. म्हटलं, आला आपला नंबर, आता काय काय हू लावलंय कोण जाणे. बाकीचं खिशाच्या झाकणावर निघालं. हू विल नॉट ईट इफ आय गो. मी गेले तर जो जेवणार नाही. खोटं आहे हे! मी जेवतो. तिला वर्गात उशीर झाला की मी एकटा जेवतो... म्हणजे थांबतो मी, भूक नसते तेव्हा. तिची आई गेल्यापासून सवय नाही, दुसरं काही नाही. पण मुलीनं आपल्या लग्नाच्या कागदावर माझं जेवण लिहावं? एकतीस वर्षांची झाली ती. त्या दिवशी इथंच जमिनीवर बसून रडलो मी, पोस्टमास्तर बाहेरून दार वाजवत होते तरी उठलो नाही.

खरं सांगू? ते दोघं माझ्या बडबडीनं पळाले नाहीत. मी त्यांना पळवलं. करड्याला दारं आपटण्याचं मुद्दाम सांगितलं मी. गुरांच्या डॉक्टरलाही मुद्दामच. मला ती जायला नको होती. आता ऐकलंस ना, आता तिला सांग, काय सांगायचं ते सांग.

आणि मला सगळं दिसतं. शिंपी आहे मी, चाळीस वर्षं कापडच बघतोय. हे तू आणलंस ते लोकरी, एवढं जाड, इथं कुणी घालेल का? घामानं भिजेल. म्हणजे तुझी बदली झालीय थंडीच्या गावाला, लांब. हो की नाही? होच. हे बघ, पुन्हा उत्तर दिलं मी. आणि उलगडून मोजलंय मी ते, तू आल्या आल्या पाणी प्यायला गेलास तेव्हा. तुझ्या अंगाच्या कोटाला सव्वादोन मीटर पुष्कळ झालं. तू आणलंस साडेचार.

तर आता मी एकच विचारतो. दुसरा कोट कुणाचा? नाही, थांब, मला उत्तर माहीत आहे, तिचं माप तर झोपेतही सांगेन, पण ते मी बोलायचं नाही, ते तू बोलायचंस, माझ्या तोंडावर, पूर्ण वाक्यात, तिला कुठं नेणार, कसं ठेवणार, सगळं. बोल, मी ऐकतोय. नाही, माझा माझ्यावर भरवसा नाही, मध्येच तोंड घालेन. ती टाचण्यांची डबी दे इकडं. ह्या बघ, धरल्या ओठांत, चार... पाच... आता बो—