वाऱ्यातला निम्मा वाटा

विलासचं नाव काढू नका गड्यांनो, चहा कडू लागतो मला. हा माझा चुलतभाऊ. वाटणीत विहिरीचं रान मी पटकावलं आणि कवठे महांकाळकडचा खडकाळ माळ त्याच्या गळ्यात घातला. तिथं शेरडंसुद्धा थांबत नव्हती. नेमकी त्याच माळावर कंपनीनं पवनचक्की उभी केली आणि विलासला दर वर्षाचं भाडं सुरू झालं. मी खाट फिरवून चक्कीकडं पाठ केली, तरी पात्यांचा आवाज यायचाच.

शेवटी कंपनीच्या इंजिनियरसाहेबांना माळावरच गाठलं. म्हटलं, "सायेब, चक्की इलासच्या जागेत हाय, पण वारा येतो माझ्या रानातनं. भाड्यात निम्मा वाटा माझा."

साहेब हसले नाहीत. "म्हणजे वारा तुमचा?"

"व्हय, आज्यापासनं!"

"बरं झालं भेटलात. उद्या किती वीज होणार, ते आम्हाला आदल्या दिवशी सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं. अंदाज चुकला की दंड. काल अचानक वारा पडला आणि दंड बसला. त्यातला निम्मा तुम्ही भरा."

मी वाऱ्यावरचा हक्क तिथल्या तिथं सोडला. मग जरा आशेनं विचारलं, "त्यो दंड इलासला बसतो का वो?"

"छे! त्यांचं भाडं ठरलेलं आहे. वारा येवो, न येवो."

मी वर पाहिलं. पाती गप उभी होती, आणि चक्कीच्या सावलीत विलास शेंगा फोडत बसला होता. मला म्हणतो कसा, "दादा, ये की रं, लय गार हाय हितं!"