एसी लावल्यावर गाडी दम खाते, याबाबत

दि. १९/०५/२०२५, वेळ सकाळी ११.४०

मी जनकाबाई मुंजाजी पाईकराव, वय ५९ वर्षे, धंदा शिवणकाम, रा. आखाडा बाळापूर, ता. कळमनुरी, जि. हिंगोली. ठाण्यात समक्ष येऊन, चोरीस गेलेल्या आमच्या गाडीच्या ओळखीबाबत विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझी मुलगी पल्लवी नांदेडला नर्स असून सासरी नांदते. माझे पती मुंजाजी हे भाड्याने गाडी चालवत. ते दि. २२/०४/२०२४ रोजी वारले. गाडी पांढरी, पेट्रोलवरची, १९९८ ची असून पतीच्या नावावर आहे. एसी त्यांनी नंतर, सन २००६ मध्ये, नांदेडहून बसवून आणला होता. त्या वेळी आमच्या गल्लीत एसीची गाडी दुसरी नव्हती. घरची माणसं बसली तर मात्र खिडकी उघडायची. मी एकदा म्हणाले, "आमाला काहून न्हाई लावत?" तर म्हणाले, "एसी पॅसेंजरचा, आपलं वारं खिडकीचं." अठरा वर्षे मी खिडकीचं वारं खाल्लं.

एसीबाबत विचारल्यावरून सांगते की, एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. त्यामुळे उभ्या गाडीत एसी लावला की इंजिनावर लोड येऊन रेस पडते, म्हणजे इंजिन मंद होतं. ती परत उचलण्यासाठी कार्बोरेटरजवळ एक डबी असते, तिला बारीक नळीतून व्हॅक्यूम मिळतो. मी शिवणकाम करणारी बाई आहे, पण हे मला जेवताना ताटावर रोज ऐकावं लागलं आहे. सन २०१२ मध्ये ती नळी चिरली. पल्लवी तेव्हा नर्सिंगला होती. तिच्याकडून सलाइनच्या नळीचा तुकडा आणून यांनी तिथे जोडला आणि माझ्या मशीनवरचा निळा दोरा घेऊन दोन्ही टोकं बांधली. नळी अरुंद, म्हणून रेस उचलायला उशीर लागायचा. एसी लावला की गाडी पार खाली बसायची, आता गेली असं वाटायचं, आणि तीन मोजल्यावर आपोआप उठायची. याला ते 'दम खाणं' म्हणत. मिस्तरी नवी नळी टाकतो म्हणाला, यांनी टाकू दिली नाही.

लग्नसराईत नवरी याच गाडीतून सासरी वाटे लावली जायची. नवरी रडत बसली की हे एसी लावायचे आणि गाडी दम खाईपर्यंत गिअर टाकायचे नाहीत. तेवढ्यात पोरीला काचेतून आईकडे आणखी एकदा बघता यायचं. पल्लवीच्या वेळी तीन मोजून झाले तरी यांनी गिअर टाकला नाही. जावई म्हणाले, मामा, गाडी बंद पडली का. मी बाहेर उभी होते, मला ऐकू आलं.

पती वारल्यानंतर गाडी दारासमोर लिंबाखाली उभी होती. दर रविवारी आमचे शेजारी तातेराव ती सुरू करीत, मी मागच्या सीटवर बसे. एसी लावायचा, तीन मोजायचे, बंद करायचा. तातेराव म्हणत, "वहिनी, पेट्रोल काहून जाळून राहिल्या?" मी सांगे की बॅटरी उतरू नये म्हणून. दि. ०६/०१/२०२५ रोजी दुपारी मी बाजारातून परत आले तेव्हा गाडी जागेवर नव्हती. त्याच दिवशी तक्रार दिली आहे.

आज मला आवारात एक राखाडी गाडी दाखवण्यात आली. नंबर दुसरा, सीट दुसरे, इंजिनावरचा नंबर घासलेला. गाडी ज्याच्याकडे मिळाली तो इसम हजर होता. पाच वर्षांपासून गाडी मीच चालवतो, असे त्याने पंचांसमोर सांगितले. मी म्हणाले, बॉनेट उघडू नका, आधी या माणसाला एसी लावायला सांगा. त्याने एसी लावला, रेस पडली आणि त्याने घाबरून लगेच रेसवर पाय दाबला. माझ्या तोंडून निघालं, "दाबू नका. दम खाऊ द्या तिला." साहेबांनी त्याला पाय काढून पुन्हा एसी लावायला सांगितलं. मी मोठ्याने मोजले. तीनला गाडी उठली. ज्यानं पाच वर्षं चालवली त्याला एवढं ठाऊक पाहिजे. सलाइनची नळी आणि निळा दोरा मी बॉनेट उघडण्याआधीच सांगितला, आणि उघडल्यावर दोन्ही पंचांना दिसला. नळी पिवळी पडली आहे. गाठ माझ्या पतीच्या हातची आहे. गाडी त्या इसमाने चोरली की कुणाकडून घेतली ते मला माहीत नाही.

'दम खाऊ द्या' असे का म्हणालात, असे विचारल्यावरून सांगते की, दि. २२/०४/२०२४ रोजी दुपारी पतीच्या छातीत दुखू लागले. तातेरावांनी आमचीच गाडी काढली. यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ऊन फार होतं म्हणून मी एसी लावायला सांगितलं. गाडी खाली बसली तसा तातेरावांनी पाय दाबला. तेव्हा हे म्हणाले, "दाबू नका, तातेराव. दम खाऊ द्या तिला." आम्ही थांबलो. मी तीन मोजले. त्यानंतर ते बोलले नाहीत. नांदेडला पोचल्यावर डॉक्टरांनी तपासून सांगितले. ते असताना त्या गाडीत एसीत मी तेवढीच एकदा बसले.

गाडी कोर्टातून सुटेपर्यंत ठाण्याच्या आवारात राहील, हे मला समजले. आवारातले मिस्तरी म्हणाले की नळी बदलून रेस सेट करून देतो, गाडी मख्खन चालेल. ते चांगल्या मनाने म्हणाले. पण माझी लेखी विनंती आहे की गाडी उन्हात राहो, धूळ खावो, पत्रा गंजो, नळीला कोणी हात लावू नये.

जबाब महिला हवालदार मिना मॅडम यांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'एसी लावल्यावर गाडी बंद पडत असे' असे आले होते. ते मी खोडायला लावले, खोडलेल्या जागी सही केली. बाकी सगळं बराबर आहे. गाडी बंद पडत नाही.

(सही) जनकाबाई मुंजाजी पाईकराव